कढईजवळचे दोन पेले

ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकूच्या बाबतीत घडली. यातलं एकही अक्षर माझ्या पदरचं नाही. काकू थापा मारणाऱ्यांतली नव्हती. खरं तर ती बोलणाऱ्यांतलीच नव्हती.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात असं सगळे म्हणतात.

ही भर दुपारी घडली. दोन वाजता. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना.

तारीखही सांगते. २५ फेब्रुवारी १९५८. जागा, टोकियोत सुमिदा नदीपलीकडचं मुकोजिमा. तिथे माझ्या काकांची साबणाची छोटी भट्टी होती.

त्या दुपारी तिथे तीन माणसं होती. त्यातले एक माझे वडील. मरेपर्यंत त्यांनी या दिवसाचा विषय काढला नाही, आणि आम्ही काढला तर उठून बाहेर जायचे. आता तिघंही गेली, म्हणून सांगते आहे.

काकूचं नाव फुसाए. काकांचं तेइझो. त्यांची कढई एकच होती, पण केवढी... दोन माणसं आत उभी राहिली तर बाहेरून त्यांच्या टोप्याही दिसल्या नसत्या. अर्धी जमिनीत पुरलेली आणि भोवती लाकडी फळ्यांचा ओटा. चरबी, खोबरेल आणि कॉस्टिक सोडा त्यात घालून आठवडाभर शिजवायचं. मीठ टाकायचं, साबण वर येऊ द्यायचा, मळी खाली बसू द्यायची, पुन्हा शिजवायचं. मग साच्यात ओतून, सुकवून, तारेने वड्या कापायच्या.

घाणा तयार झाला हे कसं कळायचं?

जिभेने.

हसू नका. तेव्हा तसंच चालायचं. उलथण्याच्या टोकावर नखाएवढा साबण घ्यायचा, फुंकर घालून निववायचा आणि चाटायचा. जीभ चुणचुणली तर कॉस्टिक शिल्लक आहे, तो साबण अंगाला लागला की कातडी सोलवटणार. जीभ तेलकट झाली तर कॉस्टिक कमी पडलंय. दोन्ही नसेल तर घाणा उतरवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण ती चुणचुण शेवटी शेवटी इतकी बारीक होते की वीस-वीस वर्षं काम केलेलेही फसतात.

तेइझोचा क्रम ठरलेला होता. दुपारी दोनला चव बघायची. टाळूला जीभ लावून 'टच्' असा आवाज काढायचा. मग ओट्यावरच्या निळ्या पेल्यातलं पाणी घेऊन चूळ भरायची. गुळगुळ... गुळगुळ... थू. आणि त्यानंतर एकच शब्द. "झालं." किंवा "अजून."

चूळ भरल्याशिवाय तो तोंडातून शब्द काढायचा नाही. गल्लीत आग लागली असती तरी आधी चूळ भरून मग ओरडला असता.

निळ्या पेल्याशेजारी एक पांढरा पेला असायचा. त्यात उलथणं बुडवून ठेवायचं. दोन्ही पेले एनॅमलचे, दोन्हींच्या काठावरचे टवके उडालेले.

फुसाए मागच्या स्वयंपाकघरातून हे सगळं रोज ऐकायची. टच्... गुळगुळ... थू. मग हाक यायची, "ए, तूही बघ गं जरा." ती हात पुसत जायची आणि चाटून सांगायची. घाणा उतरवायचा की नाही हे शेवटी तिच्या शब्दावर ठरायचं.

"माझी जीभ साबणाचे लाड करते," तेइझो म्हणायचा. "हिची नाही करत. हिनं माझेही कधी केले नाहीत."

"लाड करण्यासारखं काही असतं तर केले असते," फुसाए म्हणायची.

असं सत्तावीस वर्षं चाललं.

९ जानेवारीला दुपारी दोन वाजता आतून 'टच्' ऐकू आलं.

पुढची चूळ ऐकू आली नाही.

फुसाए मुळा किसत होती. तिचा हात थांबला. ती वाट बघत राहिली. कढईची रटरट ऐकू येत होती, लांब कुठेतरी सायकलची घंटी वाजली...

चूळ नाही.

तिने किसणी खाली ठेवली आणि आत गेली. तेइझो ओट्यावर कुशीवर पडला होता. उलथणं हातातच होतं.

भट्टीवर एकच कामगार होता, म्हातारा इवाओ. तो धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या, घड्याळात बघितलं आणि वाकून नमस्कार केला.

"बाई," इवाओ हळूच म्हणाला, "ओठांना पाणी लावा."

आमच्यात माणूस गेलं की घरच्यांनी त्याचे ओठ ओले करायचे असतात. ते शेवटचं पाणी. माणूस तहानेला जाऊ नये म्हणून. फुसाएने हाताशी होता तो पेला घेतला, खांद्यावरच्या पंच्याचं टोक त्यात बुडवलं आणि नवऱ्याच्या ओठांवरून फिरवलं. ओठ जरा उघडे होते. दोन थेंब आत गेले.

संध्याकाळी ओटा आवरायला ती गेली तेव्हा तिला दिसलं.

निळा पेला काठोकाठ भरलेला होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

तिने पंच्याचं टोक चाचपलं. वाळून कडक, पांढरं झालं होतं.

तिने पांढऱ्या पेल्यातलं पाणी लावलं होतं. उलथणं धुतलेलं, कॉस्टिकचं पाणी.

बाहेर भिक्षू मंत्र म्हणत होते. अख्खी गल्ली मांडी घालून बसली होती. सगळ्यांसमोर उठून ती काय सांगणार होती? ती जागेवर जाऊन बसली. रात्रीच शवपेटी बंद झाली. तेइझोचं लाकडी उलथणंही इवाओने पेटीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं जळलं.

फुसाए रडली नाही.

अस्थी उचलताना रडली नाही, सातव्या दिवशी रडली नाही. "दगड आहे बाई," असं शेजारणी म्हणाल्या, तेही तिने ऐकलं. तिला काहीच वाटत नव्हतं. काही वाटत नाही, याचंही काही वाटत नव्हतं.

मिसोचं सार गरम पाण्यासारखं लागत होतं. भाताला चव नव्हती. एकदा तिने खारवलेला आंबट प्लम तोंडात टाकला. त्याच्या नुसत्या नावाने आमच्या तोंडाला पाणी सुटतं. तिने तो चावला, बी चोखली, बी बाहेर काढून ठेवली. जणू खडा चघळला.

तिची जीभ मेली होती. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

माझे वडील, कुनिओ, हे तिचे धाकटे दीर. पोस्टात नोकरीला. भट्टीच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं. एकविसाव्या दिवसाच्या पूजेनंतर त्यांनी विषय काढला.

"वहिनी, एकोणपन्नासावा दिवस झाला की ही कढई भंगारात देऊन टाकू. तुम्ही आमच्याकडे या. पोरीला तुमचा लळा आहे."

ती पोरगी म्हणजे मी. नऊ वर्षांची होते.

"कढईत घाणा आहे, भाऊजी," फुसाए म्हणाली.

"घाणा कसला? थिजून दगड झालाय तो."

"परत वितळतो. तो पुरा करते, मग तुम्ही म्हणाल तसं."

"आणि चव कोण बघणार? हा इवाओ?"

"मला नका मध्ये ओढू," इवाओ म्हणाला. "तंबाखूनं माझी जीभ जोड्याच्या तळव्यासारखी झालीय. मी कॉस्टिकची भाकरी खाल्ली तरी छान झालीय म्हणेन."

"मी बघेन," फुसाए म्हणाली.

वडील कबूल झाले. पण एक सांगून ठेवलं, हा घाणा बिघडला तर भट्टी त्याच दिवशी बंद. आणि बिघडून चालणार नव्हता. तो सगळा साबण कोपऱ्यावरच्या सुईणबाईंच्या प्रसूतिगृहात जायचा होता. मुकोजिमातल्या तान्ह्या पोरांची पहिली अंघोळ तेइझोच्याच साबणाने व्हायची. चूक झाली असती तर त्या कोवळ्या अंगावर फोड उठले असते.

हे सगळं एका मेलेल्या जिभेवर येऊन ठेपलं होतं.

कढई थंड होती तरी फुसाए रोज दुपारी तिच्यावरची फळी बाजूला करून बघायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. घट्ट, पिवळट साबण. कडेला आधीच थिजलेल्या थरात एकच खाच. तेइझोने शेवटचं उलथणं लावलं होतं तिथली.

बाविसाव्या दिवशी त्या खाचेशेजारी दुसरी खाच होती...

ताजी. नखाएवढी.

"उंदीर," इवाओ म्हणाला. "साबणावर तुटून पडतात हरामखोर."

तेविसाव्या दिवशी तिसरी. मग चौथी. एका ओळीत, सारख्या अंतरावर.

फुसाएने वाकून बघितलं. दातांच्या खुणा नव्हत्या. कड गुळगुळीत होती, आणि प्रत्येक खाचेच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ उठलेली होती. तेइझोच्या उलथण्याचा डावा कोपरा तुटका होता. त्याने साबण काढला की तशीच रेघ उठायची.

ते उलथणं जळून गेलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत.

ती घाबरायला हवी होती. तिने फळी परत सरकवली आणि भात लावायला गेली.

मग आवाज सुरू झाला.

दुपारचे दोन. ती स्वयंपाकघरात कांद्याची पात चिरत होती. आतून आलं...

टच्.

तिचा हात थांबला. तिने पुढच्या आवाजाची वाट बघितली. चुळीची.

काही नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनला. टच्. आणि पुढे नुसती शांतता.

त्या आवाजाची भीती वाटली नाही, असं काकूने मला शेवटी सांगितलं. तो ओळखीचा होता. पण त्याच्यामागे जी चूळ येत नव्हती ना... तिच्यासाठी कान ताणून बसायचं, आणि ती यायचीच नाही. रोज. भीती त्याची वाटायची.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी होती. देव्हाऱ्यात तेइझोच्या फोटोपुढे ती रोज सकाळी ताजं पाणी ठेवायची. अस्थीही तिथेच होत्या. एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत त्या घरातच असतात. संध्याकाळी ती पाणी ओतून द्यायची. एकदा ओतताना ते बोटांवर सांडलं.

तिने बोटं एकमेकांवर घासली.

बुळबुळीत...

साबणाचं पाणी होतं.

सदतिसाव्या दिवशी बुळबुळीत. अडतिसाव्या दिवशीही. सकाळी भांडं घासून, विसळून, नळाचं पाणी भरायचं. संध्याकाळी बोटं सरकायची.

तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तर पांढऱ्या पेल्यापासून सांगावं लागलं असतं.

वीस फेब्रुवारीला इवाओने कढईखाली जाळ केला. थिजलेला साबण कडेने सुटला आणि त्या खाचांची रांग हळूहळू वितळून गेली. पाच दिवस दोघांनी मिळून तो शिजवला. मीठ टाकलं, मळी काढली, परत शिजवला. पंचवीस तारखेला, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या दिवशी, चव बघायची होती. दुसऱ्या दिवशी अस्थी देवळामागच्या कबरीत जायच्या होत्या.

वडील त्या दिवशी रजा टाकून आले होते. नाकाला रुमाल लावून दाराशी उभे होते.

"फार वेळ लागेल का, वहिनी?"

"दोन वाजू द्या."

"दोनच का?"

दोन वाजले. तिने नव्या उलथण्यावर साबण घेतला, फुंकर घातली, चाटलं.

काही नाही.

पुन्हा घेतला. जिभेवर फिरवला, टाळूला लावला. चुणचुण नाही, तेलकटपणा नाही, काहीच नाही. गरम मेण तोंडात घेतल्यासारखं. घाणा तयार होता म्हणून काही लागत नव्हतं? की जीभ मेली होती म्हणून? तिला कळायला मार्गच नव्हता.

"काय म्हणते जीभ?" इवाओने विचारलं.

ती कढईत बघत राहिली.

"बाई?"

'झालं' म्हटलं असतं तर साबण परवा साच्यात गेला असता आणि महिन्याभराने तान्ह्या अंगावर. 'अजून' म्हटलं असतं तर किती, आणि कशाच्या भरवशावर?

"वहिनी, पुरे आता," वडील म्हणाले. आवाज मऊ होता. "दादा गेला. त्याच्याबरोबर हेही गेलं. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

तेवढ्यात...

टच्.

फुसाएच्या उजव्या खांद्यामागून. हातभर अंतरावरून.

इवाओ जाळाच्या तोंडाशी बसला होता. त्याच्या हातातलं लाकूड खाली पडलं. वडिलांनी रुमाल नाकावरून काढला आणि फुसाएच्या मागे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा ओट्यावर पडला होता आणि त्यात वाफ फिरत होती.

तिघंही ऐकत राहिली.

चूळ आली नाही.

आणि तेव्हा काकूला कळलं. इतके दिवस तो आवाज काढून का थांबतो आहे, ते. तोंडात कॉस्टिक घेऊन तो गेला होता. आणि चूळ भरल्याशिवाय तो शब्द काढत नसे.

तिने निळा पेला उचलला, नळाखाली तीनदा विसळला आणि भरला. परत येऊन ओट्यावर गुडघे टेकले आणि तेइझो जिथे पडला होता तिथे पेला ठेवला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी पांढऱ्यातलं लावलं. उलथण्याचं पाणी होतं ते. घाईत माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी कळलं, तरी मी बोलले नाही. लोक काय म्हणतील म्हणून बोलले नाही."

"वहिनी, काय बोलताय तुम्ही हे..." वडील म्हणाले.

"गप्प बसा, साहेब," इवाओ कुजबुजला.

पेल्यातलं पाणी स्थिर होतं. कढई रटरटत होती.

मग...

गुळगुळ.

पाणी हललं नाही. पण आवाज स्पष्ट होता. तोंडभर पाणी घेऊन, गाल फुगवून भरलेली चूळ.

गुळगुळ... गुळगुळ...

थू.

ओट्याशेजारच्या कोरड्या फळीवर ओला डाग पडला. त्यात चार-पाच बुडबुडे होते. ते एकेक करून फुटले.

वडील तसेच उलट्या पावलांनी बाहेर गेले. त्यांची चप्पल दारातच राहिली.

फुसाए शब्दाची वाट बघत होती. 'झालं' की 'अजून'. तिने डोळे मिटून घेतले होते. वाट बघितली... बघितली...

शब्द आला नाही.

त्याऐवजी तिच्या जिभेच्या टोकाला मुंगी चावल्यासारखं झालं. मग दोन मुंग्या. मग सगळी जीभ पेटली. मघाशी चाटलेला साबण तिच्या तोंडात जागा झाला. सत्तेचाळीस दिवसांत तिला लागलेली ती पहिली चव.

डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. साबणाने की आणखी कशाने, ते तिलाही सांगता आलं नाही.

"अजून," ती म्हणाली.

इवाओने लाकूड उचलून जाळात सारलं.

अजून तीन दिवस लागले. अठ्ठावीस तारखेला दोन वाजता फुसाएने चाटलं आणि एकटीने "झालं" म्हटलं. प्रसूतिगृहातून कुठलीही तक्रार आली नाही. वडिलांनी भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही. काकूने पुढे अठरा वर्षं ती कढई चालवली. इवाओ गेल्यावर मीच हाताखाली राहिले.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं.

पण एकोणपन्नासावा दिवस झाला, अस्थी कबरीत गेल्या, सगळं रीतीप्रमाणे झालं... आणि तरी दुपारी दोन वाजता आवाज यायचाच. टच्. काकू निळा पेला भरून ओट्यावर ठेवायची आणि मला म्हणायची, "चल, आपण जरा बाहेर बसू." परत आलो की फळी ओली असायची. अठरा वर्षं रोज. मी कधी विचारलं नाही. सवय झाली होती.

फक्त तो शब्द कधीच आला नाही.

काकू १९७६ च्या नोव्हेंबरात गेली. शेवटच्या आठवड्यात तिने मला पांढऱ्या पेल्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, आणि माझा हात घट्ट धरला.

"मी गेले की निळ्यातलंच लाव हं. आणि आधी बोटांनी बघ."

ती दुपारी गेली. घरात मी एकटीच होते. मी निळा पेला घासला, विसळला, नळाचं पाणी भरलं आणि तिच्या उशाशी बसले. आठवण ठेवून दोन बोटं पाण्यात बुडवली आणि घासून बघितली.

बुळबुळीत...

मी पाणी फेकलं. पेला परत घासला, उकळत्या पाण्याने धुतला, परत भरला. बोटं बुडवली.

बुळबुळीत.

पांढरा पेला कित्येक वर्षांपूर्वी गंजून भंगारात गेला होता. कढई दोन महिने थंड होती. घरात साबणाची वडीसुद्धा उघडी नव्हती.

मी तिसऱ्यांदा पाणी भरलं. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दोन मिनिटं कमी होती. बाहेर दारात शेजारणींची पावलं वाजायला लागली होती. मी कापूस बुडवला आणि काकूच्या ओठांवरून फिरवला.

तिसरं पाणी मी बोटांनी बघितलं नाही.

बघायला हवं होतं. तिने सांगितलं होतं. पण माझा धीर झाला नाही.

ती भट्टी आता नाही. तिथे गाड्या लावायची जागा झाली आहे. मी नदीच्या अलीकडे राहते. दुपारी दोनच्या सुमाराला मी रेडिओ मोठा लावते. आणि कुणी पाण्याचा पेला पुढे केला, की पिण्याआधी त्यात दोन बोटं बुडवून घासून बघते. लोकांना ते विचित्र वाटतं.